अबोलीची एक वेणी

चहा घेता घेता ऐका. लग्नात घोडीवरून घसरलो तेव्हासुद्धा माझी एवढी शोभा झाली नव्हती.

झालं काय, मानसीची, म्हणजे माझ्या बायकोची, अंधेरीच्या लॅबमध्ये सकाळची शिफ्ट सुरू झाली. ती सहालाच मुलुंडहून निघते. मी घरून काम करतो. मग इराची वेणी कोण घालणार? इरा आमची मुलगी, तिसरीत आहे. शाळेला दोन वेण्या लागतात, वर लाल रिबिनी.

पहिल्या आठ दिवसांचं विचारू नका. मी पाडलेल्या भांगापेक्षा कसारा घाट सरळ. एकदा वेण्या इतक्या घट्ट ओढल्या की इरा आरशात बघून म्हणाली, "बाबा, मला डोळे मिटता येत नाहीयेत."

मग मी मानसीच्या तीन ओढण्या खिडकीच्या ग्रिलला बांधल्या आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून पेड घालायचा सराव सुरू केला. कॅमेरा एकदाच चालू राहिला. साहेबांना सांगितलं, पाठीचा व्यायाम आहे.

महिन्याभरात हात बसला. भांग सरळ, तिन्ही पेड सारखे, एक केस बाहेर नाही. बाईंनी इराच्या वहीत 'छान' लिहिलं. ते वेण्यांसाठी की गृहपाठासाठी, हे मी विचारलं नाही.

आणि इथेच वाट लागली. डोक्यात हवा गेली ना.

शनिवारी सोसायटीत हळदीकुंकू होतं. म्हटलं, इमारतीतल्या छोट्या मुलींच्या वेण्या आपण घालून देऊ, आयांना तेवढीच मदत. शुक्रवारी ग्रुपवर टाकलं: "उद्या कुणाला वेणी हवी असेल तर चार वाजता आमच्याकडे या. घरीच करतोय, एकदम नीटनेटकी." मुलींचा उल्लेख तेवढा राहिला. मला वाटलं, त्यात काय सांगायचं?

पाच मिनिटांत रांग लागली. "मला एक." "आम्हा दोघी जावांना." "हातभर लांब पुरे." मोठ्या बायकांना पण हव्यात म्हटल्यावर मी आणखीच फुगलो. मग एकीने विचारलं, "अबोलीची मिळेल का?"

मी लिहिलं, "अबोलीला पाठवून द्या. केस विंचरून पाठवा फक्त."

तिने हसरे चेहरे पाठवले. दुसरीने लिहिलं, "शेवंतीची पण चालेल." मला वाटलं, या कुणाच्या तरी आजी असणार. म्हटलं, आजींना आधी बसवू.

शनिवारी चार वाजता मी तयार. खुर्ची, कंगवा, पाण्याचा फवारा, रिबिनी. बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू, नऊवारी नेसून, हातात ताट.

"या काकू, बसा."

काकू बसल्या. त्यांना वाटलं, चहा येतोय. मी मागे गेलो आणि दोन आकडे काढून त्यांचा अंबाडा सोडला.

"काय करतंस रे?"

"वेणी."

काकूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "मगे फुलां खंय?"

दारात आणखी पाच-सहा जणी येऊन उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात ताट, त्यावर ओला रुमाल. आणि माझ्या हातात कंगवा. आता सांगा, माणसाने कुठे बघावं?

इरा तेवढ्यात म्हणाली, "बाबा, अबोली फुलाचं पण नाव असतं."

चप्पल घातली आणि धावलो. रिक्षाने स्टेशन गाठलं. फुलवाल्या मावशींनी विचारलं, "कशी देऊ वेणी?" आणि माझ्या तोंडून गेलं, "घट्ट. भांग मधोमध." मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मी अबोली आणि शेवंती म्हटल्यावर त्यांनी वेण्या मोजून पिशवीत घातल्या.

परत आलो, फुलं वाटली. बायका हसून हसून बेजार होत खाली गेल्या. काकू मात्र तशाच खुर्चीत, केस मोकळे.

"केस सोडलंस, आता घाल," त्या म्हणाल्या. "माझो हात वर जाणा नाय. अंबाडो सुनेन घातल्यान होतो, ती गेली बाहेर."

मी घातली. खरं सांगतो, इतकी भरदार वेणी माझ्या हातून कधी झाली नव्हती. काकू डोळे मिटून बसल्या होत्या. "बऱ्याच वर्षांनी कोणी माझी वेणी घातल्यान," म्हणाल्या. मला अगदी भरून आलं.

मग आरशात बघायला म्हणून त्यांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. चष्मा नाकावरून निघाला, पण पदरापर्यंत येईना. त्याची गळ्यातली दोरी मी वेणीत गुंफली होती. चौथा पेड म्हणून.

मी सोडायला गेलो, तर काकूंनी हात धरला. "रवांदे. आज चष्मो तरी हरवचो नाय." वर अबोली माळून त्या खाली गेल्या.

हळदीकुंकवात सगळ्यांच्या नजरा त्याच वेणीवर. चार पेडांची इतकी सुबक वेणी कुणी घातली म्हणून चौकशी झाली, आणि काकूंनी अभिमानाने माझं नाव सांगितलं. दोरीचं नाही सांगितलं.

आता येत्या रविवारी सहा जणी माझ्याकडे चौपेडी शिकायला येणार आहेत. आणि मला ती चष्म्याच्या दोरीशिवाय येत नाही.