कोडवाला भाडेकरू

साधी गोष्ट साधी राहू न देणारा असा माणूस अख्ख्या वाडीत दुसरा झाला नाही, हे मी छातीठोक सांगतो. आणि उभी जिंदगी ट्रक चालवल्यामुळे माणसं मी भरपूर पाहिली आहेत. हा आमचा वरच्या खोलीतला भाडेकरू. मोबाइलची ॲप बनवायचा. त्याचं सगळं बोलणं 'असं असन तर तसं'. पाण्याच्या मोटरीजवळ त्यानं पाटी लावली होती, 'टाकी भरली असेल तर मोटर बंद करा, नसेल तर थांबा, थांबूनही भरली नाही तर मला हाक मारा.' तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही तेच. "तर्री गरम असन तर वरून टाका, नसन तर अलग द्या. शेव नरम असन तर राहू द्या." ठेलेवाला एकदा झारा आपटून म्हणाला, "भाऊ, तुम्ही पोहे खाता का पोह्यावर चौकशी बसवता?" आमच्या घरच्या मंडळींचं म्हणणं असं की याला पोरगी पाहायला नेलं तर तिलाही म्हणेल, हो असन तर चहा आणा, नसन तर पाण्यावरच भागवू.

मी चौथी शिकलेला. पण समजल्याशिवाय सोडायचं नाही, हा माझा स्वभाव. म्हणून त्याच्या खोलीत जाऊन बसायचो. तो आणि त्याच्यासोबत काम करणारी एक पोरगी, दोघांनी नोकऱ्या सोडून रिकाम्या ट्रकांचं ॲप करायला घेतलं होतं. कोणत्या गोदामापाशी कोणती गाडी रिकामी उभी आहे, ते फोनवर दिसावं आणि तिथूनच ती बुक करता यावी. पण गाडं पहिल्याच वळणावर अडलं. फोनवर दिसणारी स्क्रीन मार्कअपमध्ये लिहायची की कोडमध्ये? पोरगी म्हणायची, मार्कअप. वर नाव, खाली बटण, रंग निळा, असं सगळं वेगळ्या फाइलीत सरळ मांडून ठेवायचं. उद्या कोणीही उघडून वाचेल. हा म्हणायचा, कोड. गाडी रिकामी असेल तर हे दाखव, भरली असेल तर ते दाखव, सगळा कारभार एकाच जागी. दोन फाइलींत पळापळ कोणी करावी? भांडण इतकं वाढलं की या आठवड्यात ठरलं नाही तर जुन्या नोकरीवर परत जाते, असं ती सांगून गेली. संध्याकाळी हा खाली आला. "काका, ते गेली त ॲप गेलं," एवढंच म्हणाला. 'नाही गेली तर' हे पुढचं त्याच्या तोंडून आलंच नाही. तेव्हा मला काळजी लागली.

शेवटी दोघांनी तीच स्क्रीन दोन्ही रीतींनी बनवून माझ्या फोनात टाकली. कोणती कोणाची, ते सांगायचं नाही. काका म्हणतील ती खरी. मी खाटेवर बसलो, चष्मा लावला. बटणं दाबली, फोन आडवा केला, अक्षरं मोठी केली. दोघं माझ्या बोटाकडे पाहत उभे. याचा एक पाय सारखा हलत होता. अंदाजानं त्याची बाजू घेता आली असती, पण पाहिलं नाही ते पाहिलं म्हणणं मला जमत नाही.

"बोला ना काका," पोरगी म्हणाली.

"काय बोलू? दोन्ही एकच हाये."

"नीट पाहा ना!"

"डोळे शाबूत हायेत माये. फरक नाही म्हणजे नाही. मंग भांडून काहून राहिले तुम्ही? फरक पडते तरी कोणाले?"

"लिहिणाऱ्याले," तो हळूच म्हणाला.

"अन् मागून वाचणाऱ्याले," ती म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. "वाचणारी त तूच हाय ना वं?"

"मंग? आजवर तुह्यं लिहिलेलं दुसरं कोण वाचून राहिलं होतं गा?"

"मार्कअप," तो म्हणाला. मागे-पुढे एकही असन-नसन न लावता.

मी चौकशी केली नाही. चहा टाकायला सांगितला.

ॲप चाललं. दोघांनी धरमपेठेत ऑफिस घेतलं, आणि हा तिकडेच राहायला गेला. जाताना म्हणाला, "काका, ते माही कोडवाली स्क्रीन काढून टाका. तिच्यात आता गाड्या येत नाहीत." मी म्हटलं, फोन माहा हाये, मी पाहीन. ती अजून आहे. ॲप चालतं का ते तपासायला त्यानं घातलेली एक खोटी गाडी तिच्यात रिकामी उभी असते. सकाळच्या चहाबरोबर मी ती रोज बुक करतो.