बटण दाबलंय

आई-बाबा गेल्यावर आईच्या भजनांच्या कॅसेटी मी संगणकावर घेतल्या. आवाज टोचरा, कर्कश वाटला. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, ही आपली आई नाहीच. बंद कर ते." टेपा खराब झाल्या असं धरून मी त्या टाकायलाच निघाले होते.

पण प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला बाबा खणखणीत सांगतात, "खरखर कमी करायचं बटण दाबलंय!" त्यावरून आम्ही त्यांना किती चिडवायचो! ते बटण बारीक आवाज मुद्दाम वाढवून टेपवर नोंदवतं. ऐकताना ते तेवढेच कमी करावे लागतात, की त्यांच्याबरोबर टेपची खरखरही जाते. ते करणारा आमचा जुना कॅसेट डेक कधीच मोडीत गेला. आता एक सॉफ्टवेअर ते करतं. ते लावलं आणि आईचा आवाज पूर्वीसारखा झाला, मऊ, किंचित घोगरा.

जपून ठेवलेलं कसं उलगडायचं, हेही कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. बाबांनी ते दर वेळी सांगितलं होतं.

बहीण डोळे पुसत हसली. टेपवर आई म्हणत होती, "दाबलंत ना बटण? मग आता गाऊ द्या की मला."