चाचांचा उजवा गाल

बोलता बोलता चाचा उजव्या हाताचे पहिले बोट वर करीत, "आली" एवढेच म्हणत आणि वाक्य असेल तिथे सोडून देत. डोळे अर्धे मिटलेले, तोंड अर्धे उघडे, बोट कपाळाच्या उंचीवर. अशा वेळी कुणी हलायचे नाही, बोलायचे नाही आणि त्यांना हात तर मुळीच लावायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. थोड्या वेळाने बोट खाली येई. "गेली," असे म्हणून ते तुटल्या शब्दापासून पुढे बोलू लागत.

अमरावतीच्या कापूसबाजारात तुम्ही त्या दिवसांत फिरला असाल, तर हे बोट तुम्हीही पाहिले असेल. अमेरिकेतली लढाई चालू होती आणि वऱ्हाडच्या रुईला कधी नव्हे असा भाव आला होता. गाड्यांमागे सांडलेली रुई वेचण्यावरून बायका भांडत. मी मुंबईच्या एका वर्तमानपत्राला दर आठवड्याला बाजाराची हकीकत पाठवीत असे. चाचा रुईचे पारखी होते. मूळचे अकोल्याचे, पिंजाऱ्याच्या घरातले. त्यांचे नाव मी लिहीत नाही. बाजारात ते कुणी घेतही नसे.

त्यांची पारख गालावर होती. गठ्ठ्याच्या पोटातून रुईचा पुंजका ओढायचा, उजव्या गालाला लावायचा आणि सांगायचे, "सुकी हाय" किंवा "पाणी मारलं". भाव वाढल्यापासून गठ्ठ्याच्या मध्यभागी पाणी ओतून वजन वाढवण्याचे प्रकार सर्रास चालत. तीस वर्षे चाचांचा गाल चुकला नव्हता. आणि त्याच गालात दोन वर्षांपूर्वी ती शिरली.

कळ कशी असते असे मी एकदा विचारले. "तापली तार दाढेतून डोळ्यात ओढल्यावानी," ते म्हणाले. वारा लागला की येई. घास चावला की येई. रुईचा एक तंतू उडत येऊन गालावर बसला तरी येई, आणि त्या बाजारात हवेत रुईशिवाय दुसरे काही नव्हते.

"मग डाव्या गालाने का पारखत नाही?"

"डावा अडाणी हाय, मुन्शीजी. त्याले कापसातलं काईच कळत नाई."

लिहिण्याचे काम करतो म्हणून मी त्यांचा मुन्शी होतो.

दुखण्यावर त्यांनी उपाय केले नव्हते असे नाही. अकोल्याच्या न्हाव्याने उजवीकडच्या चार दाढा उपटल्या होत्या. त्या त्यांनी एका पितळी डबीत ठेवल्या होत्या. एके दुपारी त्यांनी त्या माझ्यापुढे ओळीने मांडल्या. एकही किडलेली नव्हती.

"चारी चांगल्या निघाल्या, बाप्पा," ते म्हणाले. "घर पाडलं, पन भाडेकरू तिथंच."

त्यांनी कानामागे डागूनही घेतले होते. तो व्रण मी पाहिला आहे. दाढीची डावी बाजू ते कातरत, उजवीला कात्री लावणे शक्य नव्हते. त्यामुळे समोरून पाहिले तर एकाच मानेवर दोन माणसे बसल्यासारखी वाटत. नमाजाआधी तोंड धुतानाही उजवी बाजू कोरडी राही. याची त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटे.

त्यांच्यासमोर स्तब्ध राहण्याची सवय बाजाराला किती लागली होती, याचे एक उदाहरण देतो. "मुन्शीजी, तुमच्या धोतरावर," इतके बोलून त्यांचे बोट वर गेले. मी रिवाजाप्रमाणे जागच्या जागी उभा राहिलो. बाजूचे दोन हमालही पाठीवरच्या गठ्ठ्यांसह थांबले. बोट खाली आले. "गेली. विंचू हाय," चाचांनी वाक्य पुरे केले. विंचू तोवर गुडघ्यापर्यंत चढला होता. हमालांनी तो आधीच पाहिला होता. "मग बोलला का नाहीत?" मी ओरडलो. "चाचाले आली होती न," त्यातला एक म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो.

पुढची गोष्ट मी पाहिली तशी सांगतो.

दर्यापूरकडून आलेले गठ्ठे एका सकाळी ओळीने लावले होते. चाचा त्यांच्याकडे चालत गेले आणि तिसऱ्या गठ्ठ्यापासून तीन हातांवर थांबले. बोट वर. त्यांनी गठ्ठ्याला स्पर्श केला नव्हता. अडत्याने तो फोडायला लावला. वरची रुई कोरडी, हाताला कुरकुरीत. हातभर आत गेल्यावर मात्र ती ओली होती, तिच्यातून वाफ निघाली, आणि आत घातलेला हात हमालाने चटका बसल्यासारखा मागे घेतला.

असे पुन्हा झाले, आणि पुन्हा. ओल्या रुईजवळची हवा गार असेल, ती गालाला लागत असेल, असे मी टिपून ठेवले. पण ती रुई गार नव्हती. त्यापुढे मी काही लिहिलेले नाही.

तेव्हापासून बाजाराने चाचांना पारख विचारणे सोडले. अडत्या म्हणे, "चाचा, जरा इथं उभे राहा न." चाचा उभे राहत. माणसे त्यांच्या बोटाकडे पाहत. बोट हलले नाही तर पुढच्या गठ्ठ्यापाशी. त्या हंगामात मी त्यांना उन्हात गठ्ठ्या-गठ्ठ्यासमोर उभे केलेले पाहिले आहे, आणि बोट वर गेल्यावर गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर आलेले समाधानही.

हंगाम निम्मा झाला असेल तेव्हा एका हकीमाने त्यांना लेप दिला. दुखणे दाढेचे नाही, नसेचे आहे, असे सांगणारा तो पहिलाच. लेपात बचनाग होता, म्हणजे विष. मी सोबत होतो. हकीमाने दोन गोष्टी बजावल्या. नखभरच लावायचा. आणि कापले-खरचटले असेल तिथे लावायचा नाही, तिथून विष रक्तात जाते.

लेपाने गाल मेल्यासारखा बधिर झाला आणि कळ थांबली. संध्याकाळी मशिदीच्या हौदावर चाचांनी दोन्ही ओंजळी भरून तोंडावर पाणी घेतले. तीनदा घ्यायचे असते. त्यांनी किती वेळा घेतले ते मी मोजले नाही. मागे लोक खोळंबले होते, पण कुणी हटकले नाही.

दुसऱ्या दिवशी अडत्याने त्यांना गठ्ठ्यांसमोर उभे केले. बोट हलले नाही. पुंजका गालाला लावला, गालाला काही समजले नाही. अडत्या नरमाईने म्हणाला, "चाचा, हंगाम सरू द्या, मंग लावा लेप. दोन महिने त काढा."

"शेठ, ते दोन महिने तुमी ठेवून घ्या तिले," चाचा म्हणाले. "मी तुमच्या गादीवर बसतो."

त्याच आठवड्यात ते अकोल्याला, आपल्या घरी निघून गेले.

महिन्याभराने मला अकोल्याला जायचे होते. आगगाडीच्या रस्त्याचे काम कुठवर आले ते लिहायचे होते. अडत्याने निरोप दिला, "एक दिवस येऊन जा म्हनावं. लेप न लावता." मी येतो असे एका गाडीवानाकडून चाचांना आधीच कळवले होते.

दुपारी पोचलो तेव्हा ते पडवीत रुई पिंजत होते. पिंजणाच्या धनुष्याची तात घुमत होती आणि रुई उडून त्यांच्या डोक्यावर, मिशांवर, गालांवर बसत होती. ते हसत होते. दाढी दोन्ही बाजूंनी सारखी कातरलेली, गालांवरून ताजा वस्तरा फिरलेला.

"या, मुन्शीजी! तुमी येनार म्हून सकाळीच दाढी केली. पाहा, आता एकच मानूस दिसते का नाई?"

"एकच दिसतो."

त्यांनी रुईच्या ढिगाला पाठ टेकली. पिंजण मांडीवर आडवे घेतले. "आज हातापायाले मुंग्या येऊन रायल्या. लई पिंजलं वाट्टे." आतून चाचींनी विचारले, "मुन्शीजी जेवून जातीन न?" मी हो म्हटले आणि अडत्याचा निरोप सांगितला.

चाचा हसले. "शेठले सांगा, मले आता," ते म्हणाले, आणि त्यांचे बोट वर गेले.

मी स्तब्ध झालो. त्यांचे कोपर पिंजणाच्या दांड्यावर टेकलेले होते, बोट कपाळाच्या उंचीवर. डोळे अर्धे मिटलेले, तोंड अर्धे उघडे. चेहरा मात्र कधी नव्हे इतका शांत होता.

"काहून गप झाले दोघंबी?" आतून आवाज आला.

"आली आहे, चाची," मी हलकेच म्हटले.

"मंग थांबा." त्यांनी हातातले झाकण आवाज न करता खाली ठेवलेले मला कळले.

आम्ही थांबलो. त्या आत, मी बाहेर. अंगणात कोंबडी रुईच्या पुंजक्यांना चोच मारीत होती. उन्हाची तिरीप पडवीच्या कडेवरून त्यांच्या पायापर्यंत सरकली. इतका वेळ कळ कधी राहिली नव्हती, असे माझ्या मनात आले. आले, आणि तरीही मी हललो नाही. तेव्हा मला त्यांच्या उजव्या गालावरच्या लेपाखाली एक बारीक लाल रेघ दिसली. वस्तऱ्याची. बधिर गालाला ती समजलीच नसणार.

वरून रुईचा एक तंतू तरंगत आला आणि त्यांच्या नाकपुडीखाली, मिशीच्या टोकावर बसला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो श्वासाने हलायला हवा होता.