शेंदरी धोंड्यापलीकडचा खडस

बाणकोटला आगबोटीतून पडावात (काठावर नेणाऱ्या होडीत) उतरताना माझा पाय घसरला आणि नवीकोरी वहाण खाडीला मिळाली. देशावरच्या माणसाचे कोकणात असेच स्वागत होत असावे! पण समोर माडांच्या मागे हिरवे डोंगर उभे होते आणि वारा असा गोड होता की माझ्यासारख्या चिडक्या माणसाचाही राग टिकेना.

गणपतराव धक्क्यावर हजर होते. मुंबईच्या आमच्या कचेरीत ते पट्टेवाले होते. आता पेन्शन घेऊन मंडणगडकडे आपल्या गावी राहतात. "एकदा गरवायला या," असा त्यांचा निरोप मला दर दिवाळीला यायचा. गरवणे म्हणजे गरीने (गळाने) मासे धरणे. मी जन्माचा कृष्णाकाठचा, मला आणखी काय हवे?

बैलगाडीत बसल्यावर कळले की या खेपेस मासा मौजेसाठी नव्हता. त्यांची लेक सुभद्रा पाचव्या महिन्यातच माहेरी आली होती. अन्नाचा वास आला तरी तिला उमळे, पेजसुद्धा पोटात ठरत नसे. पोर काडीसारखी झाली होती. तिने एकच मागितले होते, नदीतल्या खडसाचे कालवण. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, गोड्या पाण्यातला दांडगा मासा. आठवडाभर नदीवर बसून गणपतराव रिकाम्या हाताने परतत होते.

सकाळी आम्ही नदीवर गेलो. काय ते पाणी! तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. वरच्या अंगाला ग्रामदेवाचा डोह होता. त्यात हातहात लांबीचे खडस निर्धास्त फिरत होते आणि लोकांनी टाकलेले तांदूळ खात होते. डोहाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक धोंडा. त्याच्या वरचे मासे देवाचे, त्यांना कोणी हात लावत नाही. खाली उतरेल तो ज्याच्या गरीला लागेल त्याचा.

गणपतरावांनी चिव्याच्या (भरीव बांबूच्या) काठीला दोर बांधला, गरीला पिकलेले उंबर टोचले आणि हात जोडून गाऱ्हाणे घातले, "वरचा तुजा, खालचा आमचा. माज्या लेकीसाठी एक दे, महाराजा."

माझ्या गरीला दुपारपर्यंत पालापाचोळाच लागला. एवढ्यात गणपतरावांची काठी वाकली ती थेट पाण्याला टेकली. मासा प्रवाहाविरुद्ध सुटला, मागोमाग गणपतराव गुडघाभर पाण्यात. खडस एकदा उलटला तेव्हा त्याची सोनेरी कूस लखलखली, आणि बघता बघता तो धोंड्याच्या पलीकडे गेला.

दोर अजून त्यांच्या मुठीत होता आणि मासा दमला होता. दोन हिसक्यांत तो खाली आला असता. मी तसे सांगितले. इथे पाहायला कोण आहे, म्हटले. पोटुशी लेक आहे, देवाला समजत नाही का? गणपतरावांनी शेंदरी धोंड्याकडे पाहिले. मग कमरेच्या आकडीतला कोयता काढून त्यांनी दोर कापला.

"वरचा त्याचा, आसं मीच म्हनालो होतो, भाऊसाहेब."

मला राग आला, चांगलाच राग आला. घरापर्यंत मी त्यांच्या दहा पावले पुढे चालत राहिलो.

पडवीत बसलेल्या सुभद्रेने आधी आमचे हात पाहिले. गणपतरावांनी खाली मान घालून काय झाले ते सांगितले.

"केवढा होता, बाबा?" तिने विचारले.

त्यांनी हात पसरून दाखवले. तिचा विश्वास बसेना. तेव्हा मी साक्षीदार म्हणून माझे हात त्याहून लांब पसरले. ती खुदकन हसली आणि म्हणाली, पहिल्यापासून सांगा. गणपतराव उंबरापासून सुरू झाले. आईने तिच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला. ती ऐकत होती आणि न बघता एकेक घोट घेत होती. मासा धोंड्याशी पोचला तेव्हा वाडगा रिकामा झाला होता. आईने गुपचूप आणखी पेज वाढली, तीही पोटात राहिली. गणपतराव उठून परसात गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

निघेपर्यंत मला ती गोष्ट रोज ऐकावी लागली आणि मासा रोज वीतभर वाढत गेला. मी एकदाही हरकत घेतली नाही.

साताऱ्याला घरी पोचताच बायकोने एका वहाणेवरून माझी यथास्थित हजेरी घेतली आणि मग विचारले, खडस चवीला लागतो तरी कसा?

"मला काय ठाऊक," मी म्हटले, "पण पोट भरतं."