मोरसला गोडं पाणी

तिशीत असताना मालाडला एका इमारतीच्या कामावर मी सुपरवायझर होतो. जुन्या इमारतीच्या पाडलेल्या भिंती, फुटक्या लाद्या कुठेतरी टाकायच्या होत्या. जागा मीच शोधली: मढचं खाजण, जिथे उधाणाला खाडीचं पाणी येऊन परत जातं. तिथे राहणाऱ्या एक कोळी मावशी खाजणातली मोरस खुडून बाजारात विकायच्या. बारीक, रसाळ पानांची खारट भाजी. ट्रक बघून त्या ओरडत आल्या, तेव्हा मी म्हणालो, "मावशी, गवतच तर आहे!"

त्या वाक्याची लाज अजून जात नाही.

तीन वर्षांपूर्वी, पन्नाशी गाठल्यावर, मी परत गेलो. मावशी थकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही असं वाटलं आणि मला बरंच वाटलं. झाडं लावायची आवड आहे, एवढंच सांगितलं. आधी मोरस उगवू दे, मग खरं सांगू, असं ठरवलं. हा भित्रेपणाच.

दर रविवारी बोरीवलीहून जायचो. एक पट्टा खणून विटा-लाद्या उपसल्या, नर्सरीतली लाल माती पसरली, मोरसचं बी टाकलं आणि मावशींच्या नळाचं पाणी कॅनने घातलं. रोपं फिकट, लांबुडकी झाली आणि कुजली.

मावशी दारातून हसल्या. "गोडं पाणी पाजतोस तिला? मोरस आहे रे ती, तुळस नाय!"

मग लाल माती काढली, खाडीपर्यंत चर खणला. उधाणाला मचूळ पाणी आत यायचं, ओहोटीला निघून जायचं. वर्षभर नुसता पांढरा खार दिसत राहिला. यंदा पावसाळा सरल्यावर त्या खारातूनच लालसर हिरवे कोंब वर आले.

आता सबब उरली नव्हती. "मावशी, इथे ते डेब्रिज मीच..."

"ठाऊक आहे. पिवळी टोपी घालून ट्रकवाल्यांना हात दाखवत होतास. तेव्हा केस होते तुला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर पळाला असतास."

त्यांनी वाकून एक कोवळा शेंडा खुडला, तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिल्या.

"हां. खारट आहे," त्या म्हणाल्या. मग पट्ट्यापलीकडच्या डेब्रिजच्या ढिगाकडे हनुवटी उडवली. "आता तो कधी काढतोस?"

मी पहार उचलली.