शिदूअण्णांची जागा

म्हाळूतात्या गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा दुःखाच्या आधी मला धास्तीच वाटली. खरं तेच लिहितो. तात्या माझ्यावर रागावले होते की नव्हते, हे आता त्यांच्या तोंडून कधीच कळणार नव्हतं... आणि रागवावं असं मी केलं होतं.

कुपवाडला एका लेथ वर्कशॉपच्या वर माझा छोटा स्टुडिओ आहे. खाली यंत्रं चालू असली की माइक उघडायची सोय नाही, म्हणून आमचं रेकॉर्डिंग वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी. तात्या वडूजच्या पलीकडचे, सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला, धनगरी ओव्या गाणारे. आवाज असा आतून यायचा की ऐकताना हातातलं काम राहून जायचं. त्यांचा अल्बम करायचाच, हा हट्ट माझा. पहिल्या दिवशी मी त्यांना एकट्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला. तात्या एक ओळ गायले आणि थांबले.

"हुंकारा कोण देनार? समोर हां म्हनाया कुनी न्हाई, तर मी भिताडाला सांगू व्हय रं?"

ओवी म्हणजे सांगणंच. ऐकणाऱ्यानं 'हां' म्हटल्याशिवाय तात्यांची पुढची ओळ निघायची नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या सुट्टीला ते शिदूअण्णांना घेऊन आले. चाळीस वर्षं तात्यांना हुंकारा देत आलेला हा माणूस. त्यांना मी शेजारच्या खोलीत वेगळा माइक दिला; हेडफोनमधून दोघांना एकमेकांचं ऐकू येत होतं. मग तात्या जे सुटले, ते जेवायलाही उठेनात.

चूक मी नंतर केली. अण्णांचा हुंकारा खणखणीत, त्यात मध्येच खोकला. शहरातल्या लोकांना खटकेल म्हणून मी त्यांचा माइक अख्खाच बंद करून टाकला. विचारलं कुणालाच नाही. ओळींमधल्या जागा मोकळ्या राहिल्या, त्या मला फार भारदस्त वाटल्या. अल्बम निघाल्यावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून छान लिहून आलं, मधल्या शांततेचं तर विशेष कौतुक झालं. मी हुरळून गेलो. वडूजच्या बाजारात मात्र एका म्हाताऱ्यानं मला चहाच्या टपरीवर गाठलं.

"गानं लय झ्याक हाय. पर शिदू वारला का काय?"

सगळे हसले. मला हसता आलं नाही. तात्यांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "ऐकलं. बरं हाय." त्या 'बरं'चा अर्थ लावत मी वर्षभर त्यांच्या घरी जायचं टाळलं... कामाची निमित्तं काय, हवी तेवढी मिळतात.

तात्या गेल्यावर महिन्याभरानं गेलो. त्यांच्या रिकाम्या बाजेशेजारी शिदूअण्णा बसले होते, मांडीवर तळहाताएवढा स्पीकर. मी आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "अण्णा, चुकलो. तुमचा आवाज मीच काढला."

"ठावं हाय की. पयल्यांदा ऐकलं तवा मी लय तापलो. म्हाळूच हसाय लागला. म्हनला, पोरानं तुजी जागा राखून ठेवलीया, बस हितं आन् दे हुंकारा. मग रोज सांजंला आमचं त्येच चालायचं बग."

"म्हणजे तात्या रागावले नव्हते?"

"त्याच्यापायी न्हाई. तू येत न्हाईस म्हनून मातर रागावला हुता."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. न येण्याबद्दलचा राग मी मुकाट्यानं पदरात घेतला. तो माझा हक्काचाच होता.

अण्णा स्पीकरचं बटण चाचपत होते. "माजा हुंकारा ह्यात आदीच भरलेला असता," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तर आता मी काय केलं असतं रं?"

स्पीकर सुरू झाला. तात्यांची पहिली ओळ आली आणि मग ती मोकळी जागा...

"हां," अण्णा म्हणाले, आणि तात्या पुढं गाऊ लागले.