माझीच पोस्ट खोडायला रेवदंड्याला

रविवारी आमच्या भटक्यांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "रेवदंड्यात जेवायला कुठे?" लगेच उत्तर आलं, नर्मदाताईंची खानावळ टाळा. सोबत पुरावा म्हणून माझीच दोन वर्षांपूर्वीची पोस्ट. 'दुपारी सहाजण गेलो. मासळी नाही, नुसता भात आणि कालवण. दुसऱ्यांदा मागितलं तर संपलेलं. फिरकू नका.' भुकेने चिडून मी ती परतीच्या बसमध्येच लिहिली होती. खाली आभार मानणाऱ्यांची ही रांग. त्यांतलं एकही माणूस तिथे जेवलेलं नव्हतं. मग मीच ठरवलं, परत जायचं आणि नीट जेवून लिहायचं.

गेटवेहून सकाळची मांडव्याची बोट घेतली. बहुतेक बोटींच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तेव्हा तिकीट फेकू नका. पुढे एसटीने चौलमार्गे रेवदंडा. उतरलं की वाळत्या बोंबलांचा वास येतो. मला आवडतो, न आवडणाऱ्यांनी खुशाल रुमाल धरावा.

खानावळ बंद होती. मागच्या अंगणात नर्मदाताई सुकट निवडत बसल्या होत्या.

"जेवायला आलेय," मी म्हटलं.

"आता न्हाय रांधत, बाय. मानसं येयाची बंद झाली."

ती पोस्ट माझी, हे मी सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"सहाजन आलावतात, त्याच ना? सकाळी कुनाचा फोन आला का मी बंदरावर जाऊन तेवढीच मासळी आनायची. तुमी सांगितलं न्हवतं. भुकेली मानसं परत कशी धाडायची? मंग आमचंच जेवान वाढलं."

"आणि तुम्ही?"

"चा-पाव खाल्ला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उठले नाही. "उद्याचं आजच सांगते. एक ताट." एकटीसाठी चूल कोण पेटवणार, म्हणाल्या. मी तिथेच सुकट निवडायला बसले. संध्याकाळी त्या कबूल झाल्या.

गावातच एका घरगुती खोलीत राहिले. दुसऱ्या दिवशी तळलेली मांदेली, तांदळाची भाकरी आणि तेच कालवण. या वेळी मागून मागून घेतलं. निघताना ताई म्हणाल्या, कुणी आधी सांगून आलं तर पुन्हा रांधीन.

घरी आल्यावर जुनी पोस्ट पुसली नाही. पुसणं फार सोपं होतं. तिच्याखाली सगळं लिहिलं, शेवटी ठळक अक्षरांत: आदल्या दिवशी सांगा, निदान सकाळी नऊच्या आत. आता कुणी जुनी पोस्ट चिकटवली की मी नवी तिच्याखाली टाकते. दर वेळी.

परवा एकाने खोचकपणे विचारलं, "म्हणजे त्या दिवशी कालवण संपलं होतं, हे खरंच ना?"

मी लिहिलं, "हो. त्यांच्या घरचं होतं. आम्ही संपवलं."